पिकअप उचलायची आहे: लिफ्ट, लॉकर की थेट सरळ अ‍ॅक्सल?

खडकवाट:
मंडळी, गाडी डबल कॅब पिकअप आहे. डिझेल, मॅन्युअल गिअर. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, म्हणजे डबल विशबोन (वर-खाली दोन आर्म) आणि कॉइलओव्हर (शॉकभोवतीच कॉइल). मागे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग). टायर कंपनीचेच, साधारण ३१ इंची. लो रेंज (सावकाश पण ताकदीने चालायचे गिअर) आहे, लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारा) नाही. दगडांच्या वाटा, खोल चाकोऱ्या, मधूनच एखादा ओढा, असा वापर. पण रोजची गाडीही हीच, आणि हौद्यात बऱ्यापैकी सामान असतं.

बेत असा: ४ इंच लिफ्ट आणि ३५ चे टायर. शिवाय पुढचं सगळं काढून तिथे सरळ अ‍ॅक्सल बसवावा, हा किडा बरेच दिवस डोक्यात वळवळतोय. व्हिडिओ बघून बघून डोकं भंजाळलंय. आधी कशाला हात घालू आणि कुठे थांबू?

पाटेवाला:
आधी एक सांगा, गाडी अडते कशाने? पोट टेकतं, मागच्या डिफचा (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा दगडाला लागतो, की एक चाक हवेत जाऊन नुसतं गरगरतं? तिन्ही दुखणी वेगळी, औषधंही वेगळी. हे ठरल्याशिवाय पान्याला हात लावू नका.

आणि लिफ्टबद्दलचा एक मोठा गैरसमज आत्ताच काढून टाकू. चार इंच सोडा, दहा इंच लिफ्ट केली तरी मागच्या गोळ्याखालची जागा एक सूतही वाढत नाही. अ‍ॅक्सल टायरवर उभा असतो. पाटे चासीला वर ढकलतात, अ‍ॅक्सल जिथल्या तिथे. गोळा वर जातो तो फक्त मोठ्या टायरने, आणि तोही व्यास वाढतो त्याच्या निम्मा. ३१ चे ३३ केले की १ इंच, ३५ केले की २. लिफ्ट कशासाठी, तर मोठा टायर चाकाच्या कमानीत मावावा, पोट उंच राहावं आणि पुढच्या-मागच्या बंपरचे कोन सुधारावेत म्हणून. म्हणून आधी टायर ठरवा. तो मावायला लागेल तेवढीच लिफ्ट.

तुमच्या पुढच्या डिफचं गणित वेगळं. तो चासीला टांगलेला आहे, त्यामुळे लिफ्टबरोबर तो वर जातो. मग ड्राइव्ह शाफ्टचे कोन वाचवायला लोक डिफ-ड्रॉपचे तुकडे घालून त्याला परत खाली आणतात! कमावलं ते तिथेच गमावलं.

खडकवाट:
गोळा घासतो कधीतरी. पण खरी अडचण चाक हवेत जाण्याची. आडव्या चरात मागचं एक चाक उचललं की गाडी जागेवर ठप्प. पोट क्वचित टेकतं.

मुक्ता_लोरेंज:
मग तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालंच की. चाक हवेत जातंय, तर लॉकर. उंची वाढवून गुरुत्वमध्य वर जाईल, आडव्या उतारावर पोटात गोळा येईल, आणि उचललेलं चाक तसंच गरगरत राहील. उघडा डिफ दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो. हवेतल्या चाकाला फिरायला जेमतेम जोर लागतो, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच मिळतो. लॉकर ही सारखी वाटणीच मोडतो.

त्याआधी एक फुकटचं काम. टायरची हवा कमी करता का? दगडांवर, कमी वेगात, १८ ते २० पीएसआय. टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो, दगडाला मिठी मारतो, आणि गाडीची आदळआपट निम्म्यावर येते. डांबरी रस्त्यावर येण्याआधी परत भरायची, त्यासाठी एक चांगला कॉम्प्रेसर घ्या. मी तर म्हणेन लिफ्ट किटच्या आधी कॉम्प्रेसर.

सरळधुरा:
लॉकर बरोबर, पण दुखण्याचं मूळ सस्पेन्शनच्या चालीत आहे. चाल म्हणजे चाक पूर्ण दबल्यापासून पूर्ण लोंबेपर्यंत जितकं वरखाली जाऊ शकतं ते अंतर. उंची आणि चाल यांत लोक गल्लत करतात. गाडी आठ इंच उचललेली असेल, पण चाक तितकंच लोंबत असेल तर ती फक्त उंचावरून उलटेल.

सरळ अ‍ॅक्सलचा खरा फायदा इथे दिसतो. एक चाक दगडावर चढलं की तोच अ‍ॅक्सल दुसऱ्या चाकाला खाली दाबतो, सी-सॉसारखा. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये ज्याचं त्याचं चाक ज्याच्या त्याच्या नशिबावर. शिवाय दगडावर दबताना स्वतंत्र सस्पेन्शनवाल्या गाडीचं पोट आणि डिफ खाली येतात, सरळ अ‍ॅक्सलचा गोळा मात्र जमिनीपासून तेवढाच राहतो. टोयोटाने अमेरिकेतल्या ४×४ पिकअपला १९८६ च्या मॉडेलपासून पुढे स्वतंत्र सस्पेन्शन दिलं, तरी आजही लोक त्याआधीचे सरळ अ‍ॅक्सल शोधत फिरतात, ते उगाच नाही. आणि लँडक्रूझर ७९ पिकअपला पुढे अजूनही सरळच अ‍ॅक्सल आहे, कॉइल स्प्रिंगवर.

नुसताच_वाचक:
मध्येच विचारतो. बॉडी लिफ्ट स्वस्तात होते म्हणतात. ती का नको?

पाटेवाला:
@नुसताच_वाचक, बॉडी आणि चासीमधल्या रबरांखाली ठोकळे घालायचे, एवढंच ते. टायरला जागा मिळते, पण चासी, पोट, सगळं जागच्या जागी. एक इंचापर्यंत ठीक. त्यापुढे स्टिअरिंगचा दांडा, गिअरची काठी, रेडिएटरचं कव्हर, डिझेल भरायची नळी, सगळं ओढलं जातं. शिवाय लांब बोल्टवर डुलणारी बॉडी मला बघवत नाही.

@खडकवाट, आता पुढच्या ४ इंचांबद्दल मुक्ताताई सांगतीलच, त्यांची गाडी याच जातीची आहे. मी मागच्या पाट्यांचं बोलतो.

मागे उंची मिळवायचे रस्ते तसे बरेच. अ‍ॅक्सल आणि पाट्याच्या मध्ये ठोकळा घालणं सगळ्यात सोपं. मागे एक ठोकळा, लहान आणि घट्ट, चालून जातो. एकावर एक दोन ठोकळे कधीच नाही, आणि पुढच्या अ‍ॅक्सलखाली तर अजिबात नाही. ठोकळा जितका उंच तितका अ‍ॅक्सलला पाटा पिळायला लांब दांडा मिळतो. हे बघायचं असेल तर सपाट जागेवर, पुढे-मागे कुणी नसताना, लो रेंजमध्ये ब्रेक दाबून क्लच किंचित सोडा आणि मित्राला बाजूला लांब उभं राहून बघायला सांगा. पिनियनचं (शाफ्टकडून डिफमध्ये येणाऱ्या लहान गिअरचं) नाक वर उचलतं आणि पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो. चढावर हेच जोरात झालं की चाकं थडाथडा उड्या मारतात, आणि मग क्रॉस (शाफ्टचा सांधा) तुटतो.

जास्तीचा एक पाटा आत सरकवणं हा दुसरा उपाय. ओझं वाहायला छान, पण रिकामी गाडी लाकडासारखी कडक होते, आणि कडक पाटा लवत नाही म्हणजे चाक आणखी लवकर हवेत. तुमची तक्रार नेमकी तीच. लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला टांगणारा दुवा) घातला तर जितका शॅकल लांब त्याच्या निम्मी उंची मिळते, वर पिनियनचा कोनही फिरतो.

माझं मत, पूर्ण नवा संच घ्या. जास्त आणि पातळ पाटे, टोकांना घर्षण कमी करणाऱ्या चकत्या, आणि भाराचा अंदाज प्रामाणिकपणे सांगून निवडलेला. हौद्यात कायम टूलबॉक्स आणि दुसरं स्टेपनी असेल तर ते धरून सांगा. चुलतभाऊ बसतील म्हणून शंभर किलो जास्त सांगू नका.

नवीन यू-बोल्टच वापरा, जुने एकदा ताणलेले असतात. आणि थोडं चालवल्यावर परत आवळा.

आणखी एक. पाटे दबतात म्हणून मध्ये हवेच्या पिशव्या टाकायची टूम आहे. पाटा भार चासीवर दोन टोकांना वाटून देतो. पिशवी तो बरोबर अ‍ॅक्सलच्या वर, एका जागी देते. मागे हौदा बाहेर आलेला, त्यात ओझं, वर खड्डे. डबल कॅब पिकअपच्या चासी याच जागी वाकलेल्या आहेत.

मुक्ता_लोरेंज:
पुढची गोष्ट. तुमच्या रचनेत साधारण २ इंचांपर्यंत गोष्टी सुखाने चालतात. त्यापुढे प्रत्येक अर्ध्या इंचाची किंमत मोजावी लागते. ड्राइव्ह शाफ्टचे कोन वाढतात, बुटाच्या (शाफ्टच्या सांध्यावरच्या रबरी टोपीच्या) घड्या एकमेकींवर घासून फाटतात, ग्रीस उडतं, आत माती जाते. बाहेरून बूट ओला दिसला की समजायचं.

स्ट्रटच्या (म्हणजे कॉइलओव्हरच्या) डोक्यावर बसणारी चकती स्वस्त आणि मस्त म्हणून विकली जाते. ती चाल वाढवत नाही, फक्त सरकवते. शिवाय स्ट्रट आर्मच्या मधोमध बसतो, त्यामुळे १ इंचाची चकती चाकाजवळ पावणेदोन-दोन इंच होते. म्हणजे चाक पूर्वीपेक्षा जास्त खाली लोंबतं, अप्पर आर्म कॉइलला घासतो आणि बॉल जॉइंट टोकाला जाऊन अडकतो. चकतीऐवजी योग्य लांबीचा शॉक आणि योग्य कडकपणाची स्प्रिंग घ्या. बंपर आणि विंच लावणार असाल तर तेही धरून.

कॅस्टर, म्हणजे चाक ज्या धुरीवर वळतं तिचा मागे कललेला कोन, विसरू नका. गाडी उचलली की कॅस्टर कमी होतो, आणि मग हायवेला स्टिअरिंग सरळ राहत नाही, सतत सावरत बसावं लागतं. कंपनीच्या बोल्टवर पुरेसा मिळाला नाही तर बदली अप्पर आर्म, जे बॉल जॉइंटला थोडं मागे घेतात. अलाइनमेंटवाल्याकडून आधीचा आणि नंतरचा कागद मागून घ्या.

उंची मोजताना जमिनीपासून मोजू नका. हबच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत मोजा, चारही चाकांवर, काम सुरू करण्याआधी. टायर बदलला, हवा कमी-जास्त झाली तरी हा आकडा खोटं बोलत नाही.

टायर मावतो का, हे जागेवर उभ्या गाडीत कळत नाही. गाडी भक्कम स्टँडवर, कॉइल काढलेली, नुसता शॉक लावलेला. चाकाखाली जॅक. चाक बंपस्टॉपला (चाल अडवणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत वर घ्यायचं आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. कुठे घासतंय ते खडूने खूण करून ठेवायचं. बहुतेकदा मडगार्डचं मागचं प्लास्टिक आणि चासीचा बॉडी-माउंट, हे दोघं नडतात. घासणं थांबवायला उंची वाढवण्यापेक्षा बंपस्टॉप थोडा खाली आणणं पुष्कळदा शहाणपणाचं.

खडकवाट:
बाप रे. म्हणजे ४ इंच रद्दच समजतो. पण ३५ चे टायर तरी? मागच्या गोळ्याखाली २ इंच मिळतील म्हणालात ना.

गिअरतेल:
उशिरा आलो, पण हा माझा प्रांत. ३५ ला ३१ ने भागा, १.१३ येतात. म्हणजे तुमची सगळी गिअरिंग १३ टक्क्यांनी लांबली. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी ११३ ने धावत असेल. ब्रेकचंही तेच. पेडल तितकंच दाबलं तर डिस्क तितकाच टॉर्क देते, पण टायरची त्रिज्या वाढल्यामुळे रस्त्यावरचा जोर सुमारे ११ टक्क्यांनी घटतो. आणि टायरचं वजन वाढलं ते वेगळंच. ते वजन स्प्रिंगच्या खाली असतं, शॉकला दर खड्ड्याला सांभाळावं लागतं.

डिफचा रेशो किती आहे? म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती?

खडकवाट:
४.१०. पुढे-मागे सारखाच, अर्थात.

गिअरतेल:
४.१० गुणिले १.१३, म्हणजे ४.६३ च्या आसपास. बाजारात ज्या जोड्या मिळतात त्यात ४.५६ जवळचा, पण डोंगरात आणि ओझ्याने चालवणार असाल तर ४.८८. पहिला गिअर समजा ४.३ आणि लो रेंज २.६. आज तुमचा सगळ्यात सावकाश रेशो ४.३ × २.६ × ४.१, म्हणजे साधारण ४६. ४.८८ ने तो ५४ च्या पुढे जातो. त्यातले काही ३५ चा टायर खातो, तरी दगडावर क्लच न जाळता इंचाइंचाने उतरता येतं.

पण क्राउन-पिनियन (डिफमधल्या मोठ्या-लहान गिअरची जोडी) बदलणं म्हणजे फिल्टर बदलणं नव्हे. दोन्ही डिफ उघडायचे, कारण रेशो पुढे-मागे वेगळा ठेवला तर ४×४ लावल्याबरोबर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) आणि टायर एकमेकांशी भांडतात. पिनियन किती आत, बेअरिंगचा ताण किती, क्राउनला खेळ किती, हे सगळं जुळवायचं. खेळ साधारण ०.१५ ते ०.२५ मिलीमीटर, पण शेवटचा शब्द त्या अ‍ॅक्सलच्या मॅन्युअलचा. मग दातांना पिवळी पेस्ट लावून, क्राउनला हाताने थोडा अडवत फिरवायचं आणि ठसा बघायचा. ठसा दाताच्या मधोमध, लंबगोल हवा. टोकाकडे धारदार रेघ उमटली की पिनियन खूप बाहेर, मुळाशी चिकटली की खूप आत. डायल गेज नसलेल्या माणसाला हे काम देऊ नका, तो कितीही अनुभवी असो. 'आवाजावरून कळतं' म्हणणाऱ्याला कळतं खरं, पण आवाज यायला लागल्यावर.

पहिले काही दिवस ओझं नको, थोडं चालवून थंड होऊ द्यायचं, आणि साधारण ८०० किलोमीटरला तेल बदलायचं.

हेही लक्षात घ्या: रेशोचा आकडा वाढतो तसं पिनियन लहान होतं, दात कमी होतात. आधीच लहान असलेल्या पुढच्या डिफमध्ये हे नाजूक प्रकरण आहे.

सरळधुरा:
म्हणूनच तर म्हणतो, एकदाच सरळ अ‍ॅक्सल टाका! डॅना ४४ चा क्राउन साडेआठ इंची, डॅना ६० चा पावणेदहा. ३५ काय, ३७ लाही पुरून उरेल.

गिअरतेल:
सरळधुराभाऊ, तुमचा उत्साह आवडतो. पण यांना सगळं सांगा ना. पुढच्या अ‍ॅक्सलचा गोळा ज्या बाजूला असेल त्याच बाजूला ट्रान्सफर केसचा पुढचा शाफ्ट निघाला पाहिजे, नाहीतर पहिल्याच दिवशी पंचाईत. अ‍ॅक्सलची रुंदी मागच्याशी जुळायला हवी, नटांचं पिच जुळायला हवं. चासीवरचे आर्मचे सगळे माउंट कापायचे आणि नवे वेल्ड करायचे. इंजिनचं ऑइल पॅन अ‍ॅक्सल वर येताना त्याला भेटणार नाही एवढी जागा ठेवायची. सध्याचं रॅक स्टिअरिंग जाणार, स्टिअरिंग बॉक्स येणार. एबीएस आणि स्थिरतेचं इलेक्ट्रॉनिक्स नव्या हबवर कसं बसवणार, ते आधीच ठरवलेलं हवं.

वर भूमिती. ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) आणि पॅनहार्ड रॉड (धुरा आडवा सरकू न देणारा दांडा) एकमेकांना समांतर आणि शक्य तितके सारख्या लांबीचे हवेत, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला स्टिअरिंग आपोआप वळतं. पॅनहार्डचं बुश ढिलं, कॅस्टर चुकलेला, चाकांचा बॅलन्स गेलेला, यातलं काही जमलं की ८० च्या वेगाला पुढची दोन्ही चाकं थरथरायला लागतात. ते थांबवायला लोक जाडजूड स्टिअरिंग डॅम्पर लावतात आणि मूळ दुखणं झाकून ठेवतात.

आणि साधा, खालून पिनियन येणारा मागचा अ‍ॅक्सल पुढे बसवला तर पुढे जाताना दातांच्या कमजोर बाजूवर ताण येतो. पुढे उंच पिनियनवाला हवा.

सरळधुरा:
हे सगळं खरं आहे, नाही म्हणत नाही. पण करणारे करतातच की. आणि एकदा नीट झालं की पुढचा शाफ्ट तुटायची भीती संपते.

मुक्ता_लोरेंज:
ज्यांची गाडी ट्रेलरवरून जाते त्यांच्यासाठी, मान्य. यांची रोजची गाडी आहे. शिवाय एवढा बदल नोंदणीत आणि विम्यात बसतो का, हे आधी विचारून घ्यावं लागेल. अपघात झाला तर तो वेल्ड सगळ्यात आधी तपासला जाईल.

माझा कौल: ३३ चे टायर. ३३ भागिले ३१, फक्त ६ टक्के वाढ. ४.१० चालून जातं, डिफ बदलायची गरज नाही. २ इंच लिफ्ट, मागे हवेवर किंवा विजेवर चालणारा लॉकर, बटण दाबलं की लागणारा. पुढे लॉकर आत्ता नको. स्टिअरिंग पूर्ण वळवून, पुढचा लॉकर लावून, अ‍ॅक्सलेटर दाबला की ड्राइव्ह शाफ्ट जातो, आणि जातो तो नेमका चढाच्या मध्यावर.

पाटेवाला:
+१. आपोआप लागणारा लॉकरही आहे, पण वळणावर टकटक करतो, ओल्या रस्त्यावर शेपूट फेकतो. रोजच्या गाडीला बटणवालाच. आणि आडव्या उतारावर लॉकर बंद ठेवायचा. दोन्ही चाकं एकदम सुटली की मागची बाजू सरळ खाली घसरते.

गिअरतेल:
एकच भर. मागचा अ‍ॅक्सल कुठल्या प्रकारचा आहे ते बघून घ्या. अर्ध्या तरंगत्या प्रकारात शाफ्ट चाक फिरवतोही आणि गाडीचं वजनही पेलतो. पूर्ण तरंगत्या प्रकारात वजन हबवर, शाफ्ट फक्त फिरवतो. तो तुटला तर ओढून काढून पुढच्या चाकांवर घरी येता येतं. तुमचा बहुतेक अर्धा तरंगताच असेल. ३३ आणि लॉकरसाठी पुरेसा आहे, पण फार आत बसणारी किंवा फार बाहेर येणारी रिम लावू नका. चाक बाहेर गेलं की बेअरिंगवर मोडणारा जोर वाढतो.

लॉकर बसवताना डिफ उघडलेलाच असेल, तेव्हा श्वासनळीही लांबवून घ्या. तापलेला अ‍ॅक्सल ओढ्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढते. नळीचं तोंड टेललाइटच्या उंचीला न्यायचं. ओढा ओलांडल्यावर तेल दुधाळ करडं दिसलं तर त्याच आठवड्यात बदलायचं.

खडकवाट:
ठरलं मग. ३३, मागे लॉकर, पुढे २ इंच नव्या स्प्रिंग-शॉकसह आणि बदली अप्पर आर्म, मागे नवे पाटे. अ‍ॅक्सल बदलायचा विषय बासनात.

एक शंका. मागच्या अ‍ॅक्सलपासून चासीवर एक दांडा जातो, त्याच्या टोकाला ब्रेकचा वाल्व आहे. लिफ्ट झाल्यावर त्याचं काय?

पाटेवाला:
बरं झालं विचारलंत, हे किटवाले सांगत नाहीत. तो हौद्यातलं ओझं ओळखून मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. पाटे दबले म्हणजे ओझं आहे, दाब वाढव. लिफ्ट केली की चासी अ‍ॅक्सलपासून दूर जाते, आणि भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते. मागचे ब्रेक मऊ पडतात, सगळा भार पुढच्यांवर.

दांडा वाकवून जुळवू नका. मागे जितकी उंची वाढली तितकीच अ‍ॅक्सलवरची पट्टी उंच करायची, म्हणजे दांड्याचा कोन पूर्वीसारखा होतो. काम सुरू करण्याआधी त्या कोनाचा बाजूने फोटो काढून ठेवा. मागची ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची वायरही त्याच वेळी बघा: अ‍ॅक्सल पूर्ण लोंबू द्या, नळी ताणली जात असेल तर लांब नळी घ्या. नंतर मोकळ्या जागेत आधी रिकाम्या गाडीने, मग नेहमीचं ओझं भरून जोरात ब्रेक मारून बघा. मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक होत असतील तर पट्टी थोडी खाली घ्या.